फासा परातीत टाका

ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की आमच्याकडचं ऊन मोकाट सुटतं. मधे अडवायला काही उरत नाही त्याला. रानातून निघतं ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसतं, पाहुण्यासारखं, पाय पसरून. मग मी कूलरच्या जाळीत नवा वाळा भरते. पाणी सुटलं की घरभर ओल्या मुळ्यांचा वास पसरतो आणि डोळे मिटावेसे वाटतात.

यंदा वाळा भरत होते तोच कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारची पूजा ओरडली, "आजी, परात काढली का न्हाई?"

पूजा आता पोलिसात आहे, सुट्टीवर आलीय. चारचौघांत तिला मॅडम म्हणतात. पण भिंतीवर कोपरं टेकवून हाक मारायची तऱ्हा तीच.

"काय गं, चोर पकडायचे सोडून तुला परात आठवते?"

"चोर काय, कवाबी घावत्यात. तुमी घावत न्हाई."

कुणाला उन्हाळा आंब्यानं आठवतो, कुणाला कुरडयांच्या चिकानं. मला परातीनं आठवतो. पितळेची, माझ्या लग्नातली, इथं कर्जतला आलेल्या पाहुण्यांच्या कणकेखाली जन्म काढलेली परात. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिच्यात आम्ही वीस बाजूंचा फासा टाकत होतो, आणि त्याच परातीत एका दुपारी माझा जीव गेला. म्हणजे सुमीचा. सुमी म्हणजे मीच, पण एकोणीस वर्षांची. हे जरा नीट सांगायला हवं.

त्याआधीच्या थंडीत डॉक्टरांनी माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली. स्प्रिंग बसली माझ्यात आणि दबून बोलायला लागलं सगळं घर. माझा मुलगा नगरला असतो. तो सकाळ-संध्याकाळ फोन करायचा आणि असा बोलायचा, जसं काही मी काचेची बरणी आहे आणि तो टेम्पोत माझ्याशेजारी बसलाय. "आई, बादली उचलू नकोस. आई, बातम्या बघू नकोस. आई, तू फक्त आराम कर." आराम! चाळीस पोरांच्या वर्गावर उभं आयुष्य काढलेल्या बाईला आराम म्हणजे शिक्षाच की.

आणि मग रूथ गेली.

रूथ माझी मैत्रीण, नगरच्या ट्रेनिंग कॉलेजपासूनची. पुढे ती नेवाशाच्या शाळेत शिकवायची, मी इकडे. आमची पत्रं, मग फोन, मग भांडणं, मग पुन्हा फोन. ती गेली, तिला माती दिली, आणि मला कळलं ते एसटी स्टँडवर. हातात शेपूची जुडी घेऊन मी उभी होते. एक जुने शिक्षक भेटले, हात जोडून म्हणाले, "रूथबाईंचं फार वाईट झालं हो." आणि मी मान हलवली. "हो ना," म्हणाले. जणू मला माहीतच होतं. आपल्याला घरच्यांनी सांगितलं नाही, हे परक्याला कळू नये म्हणून माणूस काय काय करतं! शेपूची जुडी मी घरी आणली तेव्हा तिच्या देठांचा चोथा झाला होता.

मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही सांगू नका." पुढे काही विचारावं, तर कुणीतरी मधेच मला गोळी घेतलीस का म्हणून विचारायचं. तिच्याजवळ शेवटी कोण होतं, कुठं ठेवलं तिला, पाऊस होता की ऊन, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. रूथ माझ्यासाठी मेलीच नव्हती. ती नुसती फोन उचलायची बंद झाली होती.

मी कच्चं लिंबू झाले होते. लहानपणी खेळात सगळ्यात धाकट्याला कच्चं लिंबू करतात ना, तसं. त्यानं इतरांबरोबर पळायचं, ओरडायचं, पण तो आउट झाला तरी आउट नाही, आणि त्याच्यावर राज्य कधी येत नाही. सगळ्यांत असतो आणि कशातच नसतो. आता गंमत अशी, की पोरवयात हे पद मला फार आवडायचं. गल्लीतल्या सगळ्या मुलींत उंच झाले, फ्रॉक आखूड पडायला लागले, तरी मी हातपाय आपटून कच्चं लिंबूच मागून घ्यायची. पकडलं की डोळ्यांत लगेच पाणी. इतकं चटकन रडू आणणारी पोरगी नगर जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. म्हातारपणी तेच पद न मागता मिळालं, तर मला ते दातात अडकल्यासारखं व्हायला लागलं.

मे महिन्यात मुलानं त्याची दोन्ही पोरं माझ्याकडे पाठवली. म्हणे सुट्टीसाठी. मला काय कळत नाही? पहारेकरी पाठवले होते. रेवती तेव्हा कॉलेजात होती, शांत, चष्म्याआडून बघणारी. ओजस नववीत, घरात असला की सगळी दारं आपटायची. दोघांनी बरोबर आणला होता तो गोष्टीचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण मास्टर होतो, म्हणजे गोष्ट सांगतो, आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. "तुमच्यासमोर दरी आहे, काय कराल?" असं मास्टर विचारतो. तुम्ही म्हणायचं, उडी मारते. मग फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पलीकडे, लहान पडला तर दरीत. मास्टर होती रेवती. मी तिला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायला लागले, ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

चौथी पूजा. ती तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे माळावर पळायची, दुपारी आमच्याकडे कूलरपुढे येऊन बसायची. तिनं आपल्या योद्ध्याचं नाव ठेवलं, हवालदार बिजली. ओजसचा जादूगार होता, नाव अग्निकेतू. त्याला दाढी होती, ती जमिनीला टेकायची, आणि ओजस बोलताना ती सारखी उचलून धरायचा. नसलेली दाढी.

"आजी, तू कोण होणार?" रेवतीनं विचारलं. "राणी हो. किंवा वनदेवी."

"मला एकोणीस वर्षांची मीच व्हायचंय," मी म्हटलं. "सुमी."

कागदावर प्रत्येकाचे गुण लिहायचे असतात. मी सुमीचे प्रामाणिकपणे लिहिले. बळ: बादली अर्धी असेल तर. अक्कल: भरपूर आहे असा तिचा समज. धैर्य: रूथ शेजारी उभी असेल तेवढंच. भीती: कोंबड्या, विहिरी, तपासणीला येणारे साहेब आणि 'लोक काय म्हणतील'. ओजस हसून हसून खुर्चीवरून पडला.

खोटं काही नव्हतं त्यात. एकोणीसची सुमी म्हणजे दोन तेलकट वेण्या आणि त्यांच्यामधे प्रचंड गैरसमज. आपण एखाद्या कादंबरीची नायिका आहोत आणि कादंबरी फक्त सुरू व्हायची राहिलीय, असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात एसटीतून आपल्या थांब्यावर उतरायलाही ती कंडक्टरची परवानगी मागायची. "उतरू का?" कंडक्टर बिचारा बघतच राहायचा. सायकल शिकली ती रूथनं सीट धरली म्हणून. रूथनं सीट केव्हाच सोडलीय हे कळल्याबरोबर ती सरळ बाभळीत गेली. काटे काढताना रूथ म्हणाली होती, "कळलं नसतं तर नेवाशापर्यंत गेली असतीस."

तर अशी ही सुमी आमच्या खेळात शिरली, आणि काय आश्चर्य, जिंकतच सुटली. राक्षस तिच्यावर धावून आला, त्याचा पाय घसरला. बाण सुटला, वाऱ्यानं वळला. साप निघाला, तो बिनविषारी. माझा फासाही रेवतीच टाकायची, एका ताटाच्या आड. जेवणाचं स्टीलचं ताट पुस्तकाला टेकवून उभं केलेलं. मास्टरचे फासे इतरांनी बघायचे नसतात म्हणे. ती आड टाकायची आणि बाहेर सांगायची.

पण तिच्या पाठीमागे माझं शोकेस होतं, आणि शोकेसच्या आतल्या बाजूला आरसा. पोरांना वाटतं म्हातारीला दिसत नाही. अहो, मोतीबिंदू काढल्यापासून मला पलीकडच्या टाकीवरची कबुतरंसुद्धा नावानं ओळखू येतात. एका दुपारी सुमी आडव्या खांबावरून नाला ओलांडत होती. ताटाआड फासा खळखळला. मी आरशात बघितलं. एक उभी रेघ. एक. याहून वाईट आकडा नसतो.

"सतरा!" रेवती म्हणाली. "आजी, वाचलीस!"

मी उठले आणि ताट उचललं. कूलर तेवढा घरघरत होता.

"हे कधीपासून?"

रेवती चष्मा पुसायला लागली. ओजसनंच तोंड उघडलं. "पहिल्यापासून. बाबांनी सांगितलं होतं, आजीला टेन्शन येईल असं काही करायचं नाही. हरली की तिचं बीपी वाढेल."

"आणि तू गं?" मी पूजाकडे वळले.

"मला काय ठावं? मला वाटलं तुमी लई नशीबवान हाय."

मला राग येईल असं त्यांना वाटलं होतं. राग आलाही. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी हललं. स्टँडवर शेपूची जुडी धरून उभी असताना हललं होतं तेच. मी ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, फळीवरून परात काढली आणि आणून मधोमध दाणकन ठेवली.

"आजपासून फासा हिच्यात पडेल. मास्तरांचाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

परातीत फासा पडतो तेव्हा काय आवाज होतो, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी ठण्, मग गरगर, मग काठाकाठानं येणारी ती बारीक किणकिण. तोवर चार माणसांचा श्वास छातीत. ताटाआडच्या फाशाला असला आवाजच नव्हता. पहिल्याच दिवशी अग्निकेतूची दाढी जळाली. ओजस हादरला. "मास्तर, हे काय!" रेवतीनं परातीकडे बोट केलं. खेळात तिला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एक नियम बदलला की दुसरा आपोआप डोळ्यांवर येतो, शिवण उसवल्यासारखा. पुढचा नियम पूजानं आणला. आमची टोळी बर्फाचे डोंगर सोडून मी सुचवलेल्या मुलखात आली होती. खर्ड्याच्या किल्ल्यासारखा एक किल्ला, भोवती माळ, आणि वर आमचंच ऊन. तीन दिवस चालल्यावर पूजा म्हणाली, "मास्तर, इचारू का? तुमच्या ह्या गोष्टीत कुनालाच तहान कशी लागत न्हाई?"

रेवतीनं खेळाच्या नियमांचं पुस्तक चाळलं. पुस्तकात तलवारी होत्या, मंत्र होते, घोड्याच्या नालांपर्यंत सगळं होतं. पाणी नव्हतं. ज्यांनी खेळ काढला त्यांच्याकडे ते नळाला येत असणार. मग आम्ही वाटीत चिंचोके घेतले. चिंचोका म्हणजे पाणी. वाट चाललात, एक गेला. लढलात, दोन गेले. वाटी रिकामी झाली की फाशातून आकडे वजा. त्या दिवसापासून राक्षस दुय्यम झाला. चौघांच्या नजरा एकमेकांच्या वाट्यांवर. ओजससारखा उधळ्या पोरगा दोन चिंचोके मुठीत धरून झोपाळ्यावर बसलेला मी पाहिलाय, आणि त्याच संध्याकाळी त्यानं अंगणातला वाहता नळ कुणी न सांगता बंद केला.

मग मी बोलायचा नियम घातला. यांचं काय चालायचं, तर "मी पहारेकऱ्याला पटवतो" म्हणायचं आणि फासा टाकायचा. असं कुठं असतं? ज्याला पटवायचंय त्याच्याशी बोला. पहारेकरी मी झाले. पदर डोक्याला गुंडाळला आणि दारातल्या स्टुलावर बसले.

"दार उघड!" ओजस गरजला. "मी महान जादूगार अग्निकेतू!"

"बरं. कुठले आपण?"

"उत्तरेच्या हिमराज्याचा!"

"तालुका?"

"आजी!"

"पहारेकऱ्याला आजी म्हणतोस? उद्या या. साहेब जेवायला गेलेत."

"मग कधी येतील?"

"आले की येतील."

"मी फासा टाकतो!"

"फासा तिकडे ठेवायचा. अर्ज आणलाय?"

ओजस रडायच्या बेताला आला. तेवढ्यात पूजा माझ्या स्टुलापाशी उकिडवी बसली. "मामा, सकाळधरनं उनात बसलाय व्हय तुमी? ह्ये घ्या, एक चिंचोका घ्या माझ्यातला. पानी प्या आदी." आता सांगा, असं म्हटल्यावर कुठला पहारेकरी दार उघडणार नाही? मी उघडलं. पुढे भरतीच्या मुलाखतीत ती कशी बोलली असेल याची मला काडीची काळजी नव्हती.

"आजी, हा खेळ आहे की शिक्षा?" ओजसनं एकदा वैतागून विचारलं. मी शिक्षिका, मला या प्रश्नाचं उत्तर पेपर तपासून तपासून माहीत आहे. सोप्या पेपरात पैकीच्या पैकी पडलेलं पोर पेपर दप्तरात कोंबून घरी जातं. अवघड पेपरात काठावर पास झालेलं पोर तो हातात धरून जातं, रस्त्याभर, दोनदा उघडून बघत. मी एवढंच म्हटलं, "उद्या नको येऊ मग." तो दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच परात मांडून बसला होता.

शेवटचा नियम मात्र वादाचा झाला. पुस्तकात मेलेल्या माणसाला मंत्रानं उठवता येत होतं. मी म्हटलं, ते बंद. मेलं ते मेलं. आणि मेलेल्याच्या घरी सांगावा द्यायचा. टोळीतल्या कुणीतरी स्वतः जाऊन, त्याच्या आईच्या तोंडावर सांगायचं. गोलमाल बोलायचं नाही. आई जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं.

पूजाला त्यात नवल वाटलं नाही. तिच्या घरी असा सांगावा घेऊन माणूस आलेला तिनं पाहिला होता. पण रेवती पांढरी पडली.

"हे कशाला, आजी? खेळात कोण असं करतं?"

"आपण."

"मला हा नियम नको."

"मग कुणाला मरू देऊ नकोस," मी म्हटलं. "परात तुझं ऐकते का बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. हा नियम मी का काढला हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला. पण दोघींनीही पुढे काही काढलं नाही. एक मात्र मी तेव्हा मनाशी पक्कं केलं. या घरात माझ्यापासून काय झाकायचं हे लोकांनी ठरवायचे दिवस आता संपले. मुलाशी फोनवर भांडून ते जमलं नसतं. भांडले असते तर बीपीच मोजलं असतं त्यांनी.

मग ती दुपार. बाहेर कुत्रीसुद्धा सावलीत लपलेली. टोळी किल्ल्यात अडकली होती. वाट्या सगळ्यांच्या रिकाम्या, हवालदार बिजली तहानेनं आडवी. किल्ल्याच्या मधोमध बारव, खोल, पायऱ्या ढासळलेल्या, तळाशी पाणी चकाकतंय. कुणीतरी दोर बांधून उतरायला हवं होतं. अग्निकेतू दाढी धरून मागे सरकला.

"सुमी उतरते," मी म्हटलं.

रेवती म्हणाली, "तुझ्या कागदावर विहिरीची भीती लिहिलीय. तुला जास्त आकडा लागेल."

"माहितीये."

खरी सुमी उतरली असती का? छे. खरी सुमी काठावर उभी राहून कुणी मोठं माणूस येतंय का बघत बसली असती, वर आपण किती हळव्या मनाचे आहोत याचं तिला कौतुक वाटलं असतं. म्हणूनच तिला उतरवायचं होतं मला. एवढी वर्षं झाली, एकदा उतर की बये!

उतरली. पहिला फासा चांगला पडला. तिनं घागर भरली, दोराला बांधली, वर ओढली गेली. बिजलीला पाणी मिळालं. पूजानं खरोखर ओंजळ तोंडाला लावली. आता सुमीनं वर यायचं. मी फासा टाकला. ठण्. गरगर. किणकिण.

तीन.

"काठाला लागला होता!" रेवती पटकन म्हणाली. "आजी, काठाला लागला, परत टाक."

"लागला नाही."

"एक डाव देवाचा," ओजस म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आजी, प्लीज."

"नीट बघा, सपाट पडलाय. मास्तर, काय होतं सांगा."

रेवतीनं परातीकडे पाहिलं. एका हातानं तो फासा नुसता उलटवता आला असता तिला, आणि मी काही तिचा हात धरणार नव्हते. तिनं हात मांडीखाली घेतला. "पायरी निसटते," ती म्हणाली. "दोर तिच्या हातात नाही, घागरीबरोबर वर गेलाय. सुमी... सुमी बारवेत पडते." थांबली. "आणि वर येत नाही."

ओजस उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बसला. मला वाटलं होतं मी हसेन. माझी मीच मेले, यात रडण्यासारखं काय? पण त्या दोन वेण्यांच्या बावळट पोरीची मला अशी काही माया आली, की पदर शोधावा लागला.

"सांगावा," मी म्हटलं.

"मी न्हाई जायची," पूजा म्हणाली. "माझ्यापायी मेली ती. मास्तर, तुमीच जा. गोष्ट तुमची हाय."

मी दारातल्या स्टुलावर जाऊन बसले. आता मी सुमीची आई होते. रेवती उठून उंबऱ्याशी आली. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून उभी राहिली.

"काकू, सुमीला... जरा बरं नाहीये."

"कुठाय ती?"

"म्हणजे, आम्ही तिला... तुम्ही आधी पाणी घ्या."

"मला तहान नाही. नीट सांग, पोरी."

कूलर घरघरत होता. रेवतीनं चष्मा काढला.

"सुमी गेली," ती म्हणाली. "बारवेत पडली. मी तिथं होते. ती स्वतःहून उतरली होती. तिच्यामुळे बाकीचे वाचले."

"भ्याली होती का?"

"हो. पण उतरली."

"तिला एकटीला टाकून आलात?"

"नाही. तिला वर काढलं. सगळे होतो."

विचारायचं होतं ते सगळं विचारून झालं होतं, सुमीसाठी. पण तोंड उघडलं होतं, ते मिटेना.

"आणि रूथ?" मी म्हटलं. "तिच्याजवळ कोण होतं?"

पूजा उठली आणि हळूच मोरीत ओजसकडे गेली. रेवती तिथंच, उंबऱ्यावर, माझ्या पायांशी बसली.

"मी होते, आजी," ती म्हणाली. "बाबा आणि मी मातीला गेलो होतो. तुला फोनवर म्हटलं क्लासला चाललेय."

मग तिनं सांगितलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. ऊन नव्हतं, ढग होते. रूथ आजारी पडून राहिली नव्हती. सकाळी तिनं झाडांना पाणी घातलं, खुर्चीत बसली, सुनेला म्हणाली चहा जरा गोड कर. तेवढंच. पांढरी साडी होती, बारीक निळ्या काठाची. पेटीवर शेवंती. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनीच पेटी उचलली, टक्कल पडलेली माणसं, आणि सगळे रडत होते. गाणं म्हटलं त्यात शेवटची ओळ कुणालाच नीट म्हणता आली नाही. तिला प्रवरेच्या बाजूला, कडुनिंबाखाली ठेवलंय.

"मला कुणी विचारलं का तिथं?"

रेवतीनं चष्मा पुन्हा घातला.

"सगळ्यांनी. दारात शिरल्याबरोबर त्यांची सून म्हणाली, सुमनमावशी कुठायत? शेवटपर्यंत माती द्यायला थांबले होते, आजी. कुणीतरी म्हणालं, गाडी उशिरा येत असेल, थोडं थांबू. बाबा म्हणाले, ती नाही येऊ शकत."

थांबले होते. माझ्यासाठी माणसं मातीची मूठ हातात धरून थांबली होती, आणि मी इथं बसून आराम करत होते.

मी रडले, चांगली हमसून रडले. छातीतल्या स्प्रिंगला काही झालं नाही. ओजसनं मोरीतून येऊन माझी नाडी धरायचा प्रयत्न केला, त्याला मी हाकललं. पूजानं चहा केला आणि विचारलं नाही की चालेल का.

चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "नेवाशाला जायचंय. उद्या पहिल्या गाडीनं. नगरला बदलावी लागेल."

मला वाटलं रेवती म्हणेल, बाबांना विचारूया. तिनं खिशातून मोबाईल काढला, दारात जाऊन उभी राहिली आणि नंबर लावला.

"बाबा, उद्या मी आजीला रूथआजींकडे घेऊन चाललेय. हो, नेवाशाला. हो, एसटीनं. सगळं सांगितलं मी तिला." पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. रेवती शांतपणे ऐकत होती. मग ती म्हणाली, "नाही बाबा, विचारत नाहीये. सांगतेय."

सकाळी स्टँडवर गाडी लागली तेव्हा गर्दी होती. रेवती पिशवी सांभाळत मागून ओरडत होती, "आजी, हळू! आजी, थांब, मी जागा धरते!" मी तोवर चढून खिडकीशी बसले होते.